पंचनाम्यात नसलेलं पाणी

पाणी: चार बोटं

मासे ओळखणारा सरकारी माणूस त्या दिवशी रजेवर होता, म्हणून स्वतःच्याच जप्त होडीतले मासे तिलाच निवडून द्यावे लागले.

धक्क्यावर ताडपत्री अंथरली होती. ती उकिडवी बसली आणि रोज सकाळी दुसऱ्यांच्या मासळीपुढे जे करायची तेच करू लागली. मोठे उजवीकडे, लहान डावीकडे, दबलेले मागे. हात आपोआप चालत होते. कारकून पुठ्ठ्याला कागद लावून उभा होता. त्याला सर्दी झाली होती, आणि दर दोन ओळींनी तो मान फिरवून नाक पुसत होता.

"हे काय?"

"बांगडे."

"आणि हे?"

"तेही बांगडेच. लहान."

"लहान वेगळे लिहायचे असतात."

"मग लिहा ना वेगळे. मी कुठे हात धरलाय तुमचा?"

बर्फवाली मागून खुदकन हसली. जीपला टेकलेले साहेब मात्र हसले नाहीत. ते जवळ आले आणि बुटाच्या टोकाने एक मोठा मासा दाखवला. "याचं पोट दाबा."

तिने मासा तळहातावर घेतला आणि अंगठा पोटावरून खाली ओढला. पिवळसर अंडी बोटांवर आली. गिऱ्हाइकाला दाखवायला हे तिने हजारदा केलं होतं, तेही तोऱ्यात. बघा, भरलेला आहे, असा कुठे मिळणार नाही. आज तोच अंगठा नवऱ्याविरुद्ध साक्ष देत होता.

"गाबोळी," ती म्हणाली.

"कशी लिहायची?" कारकुनाने विचारलं.

"बोलतात तशीच."

नवरा खांबाजवळ उभा होता, हात पुढे एकमेकांत अडकवून. त्याला तसं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. सगळा धक्का त्याला तांडेल म्हणायचा, कारण होडी त्याची होती आणि चालवायचाही तोच. खाडीच्या तोंडाशी सरकारने लाल पिंपं तरंगत ठेवली होती. मासे अंडी घालतात त्या दिवसांत पिंपांच्या रांगेच्या आत जाळं टाकायला बंदी. तांडेल आत गेला होता. बंदी त्याला ठाऊक होती, पिंपं दिसत होती, आणि जाळं ओढत असतानाच सरकारी लाँच आली.

कारकुनाने पंचनामा वाचून दाखवला.

*एक लाकडी होडी, लांबी बत्तीस फूट, रंग निळा, पट्टा पांढरा. इंजिन एक. जाळी दोन. दिवा एक, काच तडकलेली. मासळी, सोबतच्या यादीप्रमाणे.*

"आणि पाणी?"

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हातारा काठी टेकत पुढे आला होता. तिचा सासरा. ही होडी त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तो कानाकडे बघून बोलायचा.

"कसलं पाणी, आजोबा?"

"होडीत येतं ते. मागून तिसरी फळी, डावी बाजू. दिवसाला चार बोटं. ते कोण काढणार?"

कारकुनाने कागद वरखाली बघितला. "पाणी पंचनाम्यात नाही."

"मग काय, पाणी तेवढं घरी न्या, तांडेल!" बर्फवाली ओरडली, आणि धक्का हसला. हसण्यात दुष्टपणा नव्हता. पण तांडेलाने अडकवलेले हात सोडले आणि कुठे ठेवावेत ते न कळून पुन्हा अडकवले.

इंजिनाच्या झाकणावर आणि खांबाच्या दोराला लाखेची सीलं बसली. मासळी त्याच दुपारी विकली गेली. नीट निवडलेली होती म्हणून भाव चांगला आला, असं कारकून तिला कौतुकाने म्हणाला.

पाणी: एक वीत

सुनावणीच्या खोलीत एक बाक होता आणि माणसं बाकापेक्षा जास्त. तांडेल टेबलापुढे, ती भिंतीशी उभी राहिली. साहेबांनी फाइल उघडली.

"पिंपं दिसत होती?"

"दिसत होती."

"मग?"

"बाहेर काही नव्हतं, साहेब. सात आठवडे जाळं कोरडं येत होतं."

"बाहेर नव्हतं म्हणून आत गेलात."

"हो."

साहेबांनी पेन थांबवून त्याच्याकडे बघितलं, आणखी काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. मग त्यांनी लिहिलं आणि वाचलं. होडी व मासळी सरकारजमा. होडीचा लिलाव रीतसर जाहीर होईल.

बाहेर जिन्यावर कारकुनाने त्याला गाठलं. "असं सरळ सांगतात का हो कुणी? धुकं होतं म्हणायचं!"

"धुकं होतंच," तांडेल म्हणाला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे ती नंतर कितीतरी दिवस विसरली नाही. त्या सकाळी खरोखरच धुकं होतं, आणि ते सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

परतताना ते सरकारी धक्क्यावरून आले. होडी टोकाला बांधलेली. मागची बाजू खाली बसली होती. आत वीतभर पाणी, त्यावर तेलाचा तवंग, तवंगात एक चप्पल. चप्पल तांडेलाचीच होती. तो वाकला, मग दोरावरची लाख बघून सरळ झाला.

पहारेकरी स्टुलावर बसून दात कोरत होता. "राहू दे, तांडेल. चप्पल पण सरकारची आता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोकं असेल तर ऐक. मागल्या साली दोन होड्या होत्या इथे. दोन्ही बसल्या तळाला. बुडालेली होडी कोण घेतो? सरपणाच्या भावात गेल्या. आणि घेतल्या कुणी? ज्यांच्या त्यांनीच."

 घरापर्यंतच्या वाटेवर तांडेलाची चाल बदलली. सुनावणीपासून तो पाय ओढत होता. आता टाच टेकवून चालू लागला.

पाणी: पाहिलं नाही

"त्या धक्क्याकडे कुणी फिरकायचं नाही," त्याने जेवताना सांगितलं. "बसू दे खाली. दोन महिन्यांत लिलाव. इथला कुणी बोली लावणार नाही."

ते खरं होतं. इथला माणूस इथल्या माणसाच्या होडीवर बोली लावत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पिंपांच्या बंदीपेक्षा जास्त पाळलं जायचं.

"राहिला बाहेरचा," तो पुढे म्हणाला. "बाहेरचा बुडालेल्या लाकडासाठी येत नाही. आपण घ्यायची, वर ओढायची, वाळवायची. इंजिन नाहीतरी म्हातारंच झालंय."

"इंजिनाचं सोड," म्हातारा म्हणाला. "खिळ्यांचं काय? खारं पाणी दोन महिने बसलं की खिळा आतून खातो. कीड लागते ती वेगळीच."

"खिळे नवे ठोकू."

"कुजक्या फळीत?"

"मग फळी नवी टाकू, बाबा!"

"सगळं नवंच टाकणार, तर लिलावात काय घेणार आहेस? नाव?"

तांडेलाने ताट सरकवलं. "तुमचं ऐकून होडी बाहेरच्याच्या हातात देऊ? की माझं ऐकून घरात आणू? एवढं सांगा."

 म्हाताऱ्याने ताटात पाणी ओतून हात धुतला आणि ओली बोटं बराच वेळ एकमेकांवर चोळत राहिला.

ती दोघांची ताटं उचलत होती. दोघांचंही तिला पटत होतं. होडी घरात आली नाही तर तांडेल दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणार होता. त्याच्या वयाच्या माणसाला खलाशी म्हणून घेतात ते दयेनं, आणि बसवतात मागे, इंजिनाच्या धुरात. होडी गेल्यापासून तो दोनदा गेला होता. आल्यावर कुणाच्या होडीवर गेलो होतो ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

पाणी: पुन्हा चार बोटं

निवडायचं काम सकाळी लवकर सुरू होतं. त्या दिवशी बर्फ अजून यायचा होता, म्हणून ती हात चोळत सरकारी धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. मुद्दाम नव्हे. असं तिने स्वतःला सांगितलं.

पायऱ्यांवर काठी ठेवलेली दिसली.

मग आवाज आला. डबा पाण्यात बुडतो तो, आणि पाणी पाण्यावर पडतं तो. मध्ये खूप वेळ. पुन्हा तोच.

म्हातारा होडीत गुडघ्यांवर बसला होता. दोराला हात न लावता, सीलापासून लांब, मागच्या काठावरून उतरला होता तो. या वयात, दिसत नसताना. डबा तेलाचा, वरून कापून दांडी बसवलेला, त्यांच्या घरातला. पंचनाम्याच्या दिवशी तो धुवायला म्हणून घरी होता, म्हणून वाचला होता.

"मामंजी!"

डबा थांबला. "एकटीच आहेस?"

"एकटीच. कधीपासून चाललंय हे?"

"भरती-ओहोटी मोजत नाही मी." त्याने बोटं पाण्यात घातली. "चार बोटं. बघ, आली जागेवर."

"पहारेकरी काही बोलत नाही?"

"त्याला विचारलं, पाणी पंचनाम्यात आहे का? म्हणाला नाही. मग म्हटलं, तू आपलं स्टूल सांभाळ."

तिला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. "त्यांनी नको सांगितलंय. ऐकलंत ना तुम्ही? बुडाली तरच आपली होईल."

"बुडलेली वर येते, ती होडी नसते, पोरी. होडीच्या आकाराचं लाकूड असतं. तो नवं नवं म्हणतो, पण नवं बांधणारा कुठाय? माझे डोळे गेले. त्याला रंधा धरता येत नाही." तो दम खायला थांबला. "आणि ही तिसरी फळी. ओली होती बसवली तेव्हा. मला माहीत होतं. पण तुमचं लग्न ठरलेलं, होडी त्याआधी पाण्यात हवी होती. तू आणि ही एकाच साली घरात आलात. तेव्हापासून गळते. माझ्या घाईचं पाणी आहे हे. त्यात मी तिला बुडू देऊ?"

तो डबा घेऊन पुन्हा वाकला आणि एका बाजूला कलंडला. फार नाही. हात काठाला लागला म्हणून वाचला. काठावर कोपर आपटल्याचा आवाज तिने ऐकला.

ती होडीत उतरली. त्याच्या हातातून डबा घेतला. "तुम्ही वर बसा."

म्हातारा पडू नये म्हणून. एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेवढ्यासाठीच गेली. तिसऱ्या दिवशी त्याला घरीच थांबवून एकटी गेली, आणि मग कारण शोधायचं तिने सोडून दिलं. रोज पाणी उपसायचं, डबा पायऱ्यांखालच्या दगडामागे ठेवायचा, आणि ओल्या पायांनी मासे निवडायला बसायचं. निवडणारणीचे पाय ओलेच असतात. कुणी विचारणार नव्हतं.

दांडी खरखरीत होती. उजव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, फुटला, आणि तिथली कातडी घट्ट झाली.

पाणी: बाहेरून

तांडेल धक्क्याकडे फिरकत नव्हता, पण खलाशी म्हणून जाता-येता खाडीतून होडी दिसायची. आत किती पाणी आहे ते लांबून दिसत नाही. होडीचा पांढरा पट्टा पाण्याच्या वर किती आहे, ते मात्र दिसतं.

"पट्टा अजून वर आहे," तो पहिल्या आठवड्यात म्हणाला.

"बसेल," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात: "पट्टा वरच आहे गं."

"पाऊस नाही ना."

"पावसाचा काय संबंध? ती खालून गळते."

महिना उलटल्यावर एके संध्याकाळी तो दारात पाय धुत होता. धुता धुता थांबला. "आजच्या होडीवरचे लोक म्हणत होते, तुझी होडी बसत कशी नाही रे? मी म्हटलं, बाबांनी बांधलीय ती. दुसऱ्याची असती तर पंधरा दिवसांत तळाला." त्याने तांब्या उपडा केला. "नालायक. बसत नाही म्हणजे नाहीच."

शिवी होडीला होती. पण ती अशी दिली होती, जशी वर्गात पहिल्या आलेल्या आपल्याच पोराला देतात.

आत खाटेवर म्हातारा कुशीवर वळला. ती चुलीपुढे होती. तिने उजवी मूठ मिटून घेतली.

सांगायला हवं होतं. सांगायचं ठरवून ती दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसलीही. पण तो होडीबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज पुन्हा तांडेलाचा व्हायचा. खलाशाचा नाही. दिवसभरातला तेवढाच वेळ. ती ऐकत बसायची.

सकाळी, डबा हातात असताना, ती कधीकधी नुसतीच बसून राही. आज नको. आजपासून नको. एक आठवडा सोडला तरी पट्टा खाली जाईल. पाणी फळीतून आत येताना आवाज करत नाही, नुसतं वाढतं. ती बघत राही, आणि मग हात वाकत. निवडताना जसे आपोआप चालतात, तसे.

पाणी: नाही

लिलावाच्या दिवशी कारकुनाची सर्दी बरी झाली होती.

इथले सगळे आले होते, पण मागे उभे होते, हात पाठीमागे बांधून. बोली लावायला नाही, सोबतीला. पुढे तांडेल, धुतलेल्या शर्टात. खिशात जे काही होतं त्यावर त्याचा हात घट्ट होता. आणि दोन बाहेरचे. एक कुणी भंगारवाला, जो होडी बघून लगेच बाजूला झाला, हे आपल्या कामाचं नाही म्हणून. दुसरा वाळूवाला. नदीच्या मुखातून वाळू काढून वर पोचवायचा त्याचा धंदा. त्याने सोबत एक माणूस आणला होता, आणि त्या माणसाने एक पेचकस.

पेचकसवाला होडीत उतरला. फळ्यांना टोचत मागून पुढे गेला, पुढून मागे आला. लाकडात पेचकस कुठेच शिरला नाही. मग तो तळाशी वाकला, बोट फिरवलं आणि बोट वर करून मालकाला दाखवलं.

बोट कोरडं होतं.

"सरकारकडे एवढी चांगली राखलेली होडी पहिल्यांदा बघतो," वाळूवाला म्हणाला.

कारकून खुलला. "आमची देखरेख असते."

मागे बर्फवालीने तोंडात पदर कोंबला. या वेळी ती हसत नव्हती.

बोली फार वेळ चालली नाही. तांडेल बोलला. वाळूवाला बोलला. तांडेल बोलला. वाळूवाल्याने पेचकसवाल्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, आणि वाळूवाला बोलला. तांडेलाचा हात खिशातून बाहेर आला. रिकामा. त्याने तो दुसऱ्या हातात अडकवला.

"एक वार," कारकून म्हणाला. "दोन वार."

ती म्हाताऱ्याचा दंड धरून उभी होती. 

"तीन."

सीलं तोडली. लाखेचे तुकडे धक्क्यावर पडले. वाळूवाला होडीत उतरला आणि पाय फाकवून उभा राहिला, नव्या होडीत उभे राहतात तसा. मग वर बघून, कुणा एकाला नव्हे, त्याने विचारलं, "लाकडी आहे म्हणजे गळत असणारच. कुठून गळते?"

 इथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे तांडेलाकडे बघत होते.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. "बाबा," तांडेल म्हणाला, आणि म्हाताऱ्याने ते मिटलं.

वाळू जड असते. वाळू भरलेल्या होडीत चार बोटं पाणी म्हणजे काय, ते धक्क्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. न सांगण्यात काही खोटं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, एवढंच. धुकं होतं म्हणण्यासारखं.

तांडेल खाली बघत होता, पांढऱ्या पट्ट्याकडे. मग कोरड्या तळाकडे. तिला वाटलं, तो आत्ता पहिल्यांदा तळ बघतोय. बाहेरून पट्टा बघितला होता त्याने इतके दिवस. आतून नाही.

"मागून तिसरी फळी," तो म्हणाला. "डावी बाजू. दिवसाला चार बोटं. रोज उपसावं लागतं. एक दिवस चुकवून चालत नाही."

वाळूवाल्याने पायाखाली बघितलं. "आत्ता तर काहीच नाही."

"आज उपसलंय म्हणून."

"कुणी?"

 तांडेलाने मान वळवली. म्हाताऱ्याकडे बघितलं, त्याच्या सुरकुतलेल्या, मऊ पडलेल्या हातांकडे. मग तिच्याकडे. तिच्या तोंडाकडे नाही. म्हाताऱ्याच्या दंडावर ठेवलेल्या तिच्या उजव्या हाताकडे.

"डबा दे त्यांना," तो म्हणाला.

कुठला डबा, असं ती विचारू शकली असती. घरी आहे म्हणू शकली असती. ती म्हाताऱ्याचा दंड सोडून पायऱ्या उतरली. दगडामागे हात घातला. न बघता. डबा बाहेर काढला. पायऱ्या चढताना सगळा धक्का तिच्याकडे बघत होता, आणि तांडेल बघत नव्हता.

"हा कागदावर आहे का?" वाळूवाल्याने कारकुनाला विचारलं.

कारकुनाने यादी वरखाली बघितली. "नाही. हा यांचा आहे."

"घेऊन जा," तांडेल म्हणाला. "डब्याशिवाय नेऊ नका तिला."

इंजिन चौथ्या झटक्याला लागलं. होडी धक्क्यापासून सुटली, आणि इथले लोक एकेक करून पांगले. बर्फवाली जाताना तिच्या खांद्याला हात लावून गेली. तिघंच राहिले. होडी पिंपांच्या रांगेबाहेरून वळली. बरोबर बाहेरून, हातभर अंतर ठेवून.

पेचकसवाला मागे वाकलेला दिसत होता. वाऱ्यावर आवाज आला. डबा बुडतो तो, आणि पाणी पाण्यावर पडतं तो.

म्हाताऱ्याने कान तिकडे केला. बराच वेळ ऐकत राहिला.

"फार हळू उपसतोय," तो म्हणाला.

  तांडेलाने म्हाताऱ्याची काठी पायऱ्यांवरून उचलली, त्याच्या हातात दिली आणि पुढे चालू लागला. चार पावलं गेल्यावर, मागे न बघता, म्हणाला, "शिकेल."